न्याय हवा, देव्हारा नको

फ्रेंच राज्यक्रांतीचा विषय निघाला, की ‘पाव नसेल तर केक खा’ म्हणणारी राणी मारी आंत्वानेत हमखास समोर उभी केली जाते. हे उद्गार तिने काढल्याचा पुरावा नाही. रूसोने आत्मचरित्रात ते एका अनाम राजकन्येच्या तोंडी घातले, तेव्हा मारी फ्रान्सला आलीही नव्हती. ती आली १७७० साली.

म्हणून आम्ही राजघराण्याचे वकीलपत्र घेतलेले नाही. ऑक्टोबर १७८९ मध्ये पॅरिसच्या स्त्रिया पावासाठी व्हर्सायवर चालून गेल्या, ती भूक खरी होती. सरदारांना व धर्माधिकाऱ्यांना करांत सवलती आणि भार गरिबांच्या माथी, या अन्यायात ख्रिस्तसभेचे वरिष्ठही वाटेकरी होते. राज्यघटनेशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतलेला सोळावा लुई जून १७९१ मध्ये वेषांतर करून पळाला. राणीने फ्रान्सचे युद्धबेत ऑस्ट्रियाला कळवले. हे सारे झाकून त्यांना संतपदी बसवणारे भाविक लेखन आम्हांस मान्य नाही.

परंतु राजाला जाब विचारणे वेगळे आणि त्याच्या लेकरावर सूड उगवणे वेगळे. जुलै १७९३ मध्ये आठ वर्षांच्या लुई-शार्लला आईपासून तोडण्यात आले. पुढे त्याच मुलाकडून आईवरील अत्यंत गलिच्छ आरोपाच्या जबानीवर सही घेतली गेली. खटल्यात राणीने त्यावर उत्तर दिले, ते तेथे जमलेल्या मातांनाच साद घालून. तिला १६ ऑक्टोबर १७९३ रोजी, तर भावाची साथ न सोडलेल्या एलिझाबेथला १० मे १७९४ रोजी गिलोटिनवर चढवले. ८ जून १७९५ रोजी तो मुलगा टेंपलच्या बुरुजात आजाराने वारला. वय वर्षे दहा!

कोणी विचारील, राजपुत्रासाठी अश्रू, मग गरिबांचे काय? आमचे उत्तर असे : दहशतपर्वात रीतसर शिक्षा होऊन सुमारे १७,००० माणसे मारली गेली आणि त्यांत बहुसंख्य सामान्यजनच होते. जी सत्ता राजाच्या मुलाला माणूस मानीत नाही, ती शेतकऱ्याच्या मुलालाही मानीत नाही. लुईने मृत्युपत्रात आपल्या मुलाला सूडभावना विसरण्यास सांगितले होते. मानवी हक्कांचा जाहीरनामा देणाऱ्या क्रांतीला मात्र त्या मुलाचे हक्क आठवले नाहीत. तिचे गुणगान करणाऱ्यांनी आणि राजाला हुतात्मा म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही त्या बुरुजाकडे एकदा पाहावे.