वर्षात 23 किलो? कागदावर!



‘रोज 500 कॅलरी कमी खा, वर्षात 23 किलो उतरवा’ हा गेल्या अंकातील पत्राचा हिशेब कागदावरच शोभतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, हा आडाखा सुरुवातीला बरा जुळतो. पण वजन घटले की शरीराचा खर्चही घटतो आणि तीच तूट आटत जाते. दिवसभराच्या खर्चातला मोठा वाटा तर हृदय, मेंदू, यकृत चालवण्यातच जातो. मनगटावरचे घड्याळ फिरण्याच्या 300 कॅलरी दाखवते, त्यात बसल्याजागी जळल्याच असत्या त्याही अनेकदा धरलेल्या असतात. त्या भरवशावर साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचे कूट नि तूप! आणि फोडणीचे काय? एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी. पत्रलेखकांनी पोळ्या मोजल्या, पळी नाही.

– एक वाचक, सातारा