दारू पिऊन गाडी : कायदा कडक, तपासणी ढिली

ऑक्टोबर १९६७ मध्ये ब्रिटनने चालकाच्या रक्तातील अल्कोहोलला मर्यादा घातली, तेव्हा तिथल्या वाहतूकमंत्री होत्या बार्बरा कॅसल. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. साहजिकच पबमालकांपासून वाहनधारकांपर्यंत सगळे त्यांच्यावर तुटून पडले. धमक्याही आल्या. कॅसलबाई बधल्या नाहीत. मर्यादा ठरली १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलीग्रॅम, आणि पोलिसांच्या हाती श्वास तपासण्याचे साधन आले. पहिल्या वर्षातच रस्त्यावरचे मृत्यू अकराशेहून अधिक संख्येने घटले. ज्या अपघातांत दारूचा संबंध होता, त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आले.

इथपर्यंतची गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. पुढची फारशी सांगितली जात नाही. काही वर्षांतच हा परिणाम ओसरू लागला. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एच. लॉरेन्स रॉस यांनी त्या काळातील आकडे तपासले, तेव्हा कारण साधे निघाले. सुरुवातीला एवढा गाजावाजा झाला होता की, प्रत्येक वळणावर पोलीस उभा असेल असे लोकांना वाटत होते. प्रत्यक्षात तपासणी फारच कमी जणांची होत होती. हे ध्यानात आल्यावर भीती गेली आणि माणसे पुन्हा पबमधून थेट गाडीत बसू लागली.

ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्याने यातून धडा घेतला म्हणायला हरकत नाही. तिथे १७ डिसेंबर १९८२ रोजी, ऐन नाताळाच्या तोंडावर, सरसकट श्वासतपासणी सुरू झाली. संशय असो वा नसो, पोलिसांनी थांबवलेल्या प्रत्येक चालकाने नळीत फुंकायचे. बाई असो, वृद्ध असो, चर्चमधून परतणारा असो, कोणालाही सूट नाही. त्याआधीच्या वर्षभरात राज्यात बाराशेहून अधिक माणसे रस्त्यावर मेली होती. १९८३ मध्ये हा आकडा हजाराच्या खाली आला आणि पुढेही तो पूर्वीच्या पातळीवर परत गेला नाही, कारण तपासण्या थांबल्या नाहीत. अभ्यासकांना आणखी एक गोष्ट आढळली. मित्रांच्या आग्रहाला नाही म्हणायला लोकांना एक सबब मिळाली होती. 'आज गाडी आहे, रस्त्यात पकडतील' असे म्हटले की कोणी भित्रा ठरवत नसे. आपल्याकडच्या बैठकांमध्ये 'एवढ्याने काय होतंय' असा जो आग्रह चालतो, तो ज्यांनी पाहिला आहे त्यांना या सबबीची किंमत कळेल.

मग मर्यादा आणखी खाली आणली तर? स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ मध्ये ती ८० वरून ५० मिलीग्रॅम केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये ती ८० च राहिली, त्यामुळे तुलना करायला आयता प्रयोग मिळाला. ग्लासगोच्या संशोधकांनी दोन वर्षांचे आकडे ताडून पाहिले आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष मांडला : अपघात कमी झाले नाहीत. वैद्यकीयदृष्ट्या हे विचित्रच. ५० मिलीग्रॅमलाच प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात, नजर एकाच ठिकाणी खिळते आणि धोका साधारण दुपटीने वाढतो, हे निर्विवाद आहे. पण ब्रिटनमध्ये आजही श्वास तपासायचा तर संशय, नियमभंग किंवा अपघात यांपैकी काहीतरी घडावे लागते. आकडा बदलला, रस्त्यावरचा पोलीस तसाच राहिला.

अमेरिकेतील युटा राज्यात मात्र उलट अनुभव आला. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तिथे मर्यादा ८० वरून ५० झाली आणि २०१९ मध्ये प्राणघातक अपघातांचा दर २०१६ च्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी खाली आला. तेव्हा मर्यादा कमी करणे निरुपयोगी आहे, असे कोणी म्हणू नये. ती एकटी पुरेशी नाही, इतकेच.

सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण जपानचे आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये तोमेई द्रुतगती महामार्गावर दारू प्यायलेल्या ट्रकचालकाने एका मोटारीला मागून धडक दिली आणि दोन लहान मुली होरपळून गेल्या. आईवडिलांनी सह्यांची मोहीम काढली. लाखो सह्या जमल्या आणि २००१ मध्ये धोकादायक वाहन चालवून मृत्यू घडवण्याचा स्वतंत्र गुन्हा कायद्यात आला. २००६ मध्ये फुकुओकात तशाच धडकेने एक गाडी पुलावरून समुद्रात पडली, तीन चिमुरडी बुडाली. चालक नगरपालिकेचा कर्मचारी होता. पुढच्या वर्षी जपानने चालकाच्या पलीकडे हात घातला. गाडी आहे हे माहीत असून दारू देणारा, प्यायलेल्याला गाडी देणारा आणि त्याच्या शेजारी बसून जाणारा, हे सगळे शिक्षेस पात्र ठरले. बारवाले ग्राहकाला गाडी कुठे लावली आहे असे विचारू लागले. ग्राहकाची गाडी चालवत त्याला घरी पोहोचवणाऱ्या 'दाइको' सेवेला मागणी आली. दारूमुळे होणारे प्राणघातक अपघात २००० च्या सुमारास वर्षाला हजारावर होते, ते अलीकडे दीडशेच्या आत आले आहेत.

पण शिक्षा वाढवली की पळवाटही शोधली जाते. जपानमध्ये चालक अपघातानंतर पळून जाऊ लागले, कारण नशा उतरल्यावर सापडले तर फक्त पळाल्याची, म्हणजे तुलनेने हलकी शिक्षा होत असे. म्हणून २०१४ पासून तिथे दारूचा अंमल लपवण्यासाठी निघून जाणे किंवा मागाहून आणखी पिणे हाच वेगळा, जबर शिक्षेचा गुन्हा आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबईत वरळीला झालेल्या अपघातानंतर आरोपी चालक दोन दिवसांनी हाती लागला होता. तोवर त्याच्या रक्तात शोधण्यासारखे काही उरले असण्याची शक्यताच नव्हती. आपल्याकडे भारतीय न्याय संहितेत अपघात करून पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणारे कलम आले, पण जानेवारी २०२४ मधील ट्रकचालकांच्या संपानंतर ते लागू करणे लांबणीवर पडले.

कागदावर भारताचा कायदा ब्रिटनपेक्षा कितीतरी कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा फक्त ३० मिलीग्रॅम. साठ-पासष्ट किलोच्या माणसाने व्हिस्कीचे दोन छोटे पेग घेतले की ती ओलांडली जाते. स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे जवळपास चार छोटे पेग. 'बिअरच तर घेतली' म्हणणाऱ्यांना हा हिशेब ठाऊक नसतो. २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिने कैद, किंवा दोन्ही. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर २०१६ चा. त्यावर काही राज्यांनी महामार्गांचे नावच बदलून ते शहरी रस्ते करून टाकले आणि पुढे न्यायालयानेही शहरांच्या हद्दीला सूट दिली.

२०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. सरकारी नोंदीनुसार त्यांत दारू व अमली पदार्थांमुळे मेलेल्यांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेत दारूचा वाटा तीस टक्क्यांच्या घरात आहे. भारतीय चालक इतके संयमी आहेत, यावर कोणत्याही अपघात विभागातील रात्रपाळीचा डॉक्टर विश्वास ठेवणार नाही. अडीच टक्के हे मोजमाप नाही, पोलिसांनी अर्जातील कोणत्या रकान्यात खूण केली त्याची ती बेरीज आहे. मेलेल्या चालकाचे रक्त प्रत्येक वेळी तपासले जात नाही, जखमी चालकाचे तर त्याहून कमी.

तपासले तरी वेळेचा प्रश्न असतो. यकृत तासाला साधारण १५ मिलीग्रॅम या वेगाने अल्कोहोल निपटते. अपघाताच्या क्षणी ७० मिलीग्रॅम असलेला चालक तीन तासांनी २५ वर येतो, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने निर्दोष. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे असे कलम २०२ सांगते, ते उगाच नाही. मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगरात दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्या प्रकरणात चालकाचे रक्त कित्येक तासांनी घेतले गेले आणि नंतर नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातील दोन डॉक्टरांना अटक झाली. खरे-खोटे न्यायालय ठरवेल. पण त्यानंतर राज्यातील प्रत्येक अपघात विभागात रक्ताची ती छोटी बाटली भरणारा हात अधिक सावध झाला असेल, तर तो व्हायलाच हवा होता.

कारण सगळा कायदा शेवटी त्या बाटलीवर उभा असतो. नमुना घेताना कातडी स्पिरिटने पुसायची नाही, नाहीतर बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. बाटलीत सोडियम फ्लोराइड हवे, नाहीतर जंतू साखरेपासून अल्कोहोल बनवतात किंवा असलेले संपवतात. सील पोलिसांसमोर लागले पाहिजे. आणि अर्जावर अपघाताची वेळ व रक्त घेतल्याची वेळ, दोन्ही लिहिल्या पाहिजेत, तरच न्यायसहायक प्रयोगशाळेच्या अहवालावरून मागे जाऊन हिशेब मांडता येतो. अनेक अर्जांवर यांपैकी एक रकाना कोरा असतो.