सुपरमॅन २ : ज्याने घडवला, त्याचेच नाव पुसले

१/
१९ जून १९८१. अमेरिकेत ‘सुपरमॅन २’ प्रदर्शित झाला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याने १.४१ कोटी डॉलरचा गल्ला जमवला. पहिल्याच आठवडाअखेरीस एवढी कमाई तोवर कोणत्याही चित्रपटाने केली नव्हती. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून रिचर्ड लेस्टर यांचे नाव झळकत होते. ज्या माणसाने या चित्रपटाचा मोठा भाग आधीच चित्रित करून ठेवला होता, त्या रिचर्ड डोनर यांना दिग्दर्शनाचे श्रेय मात्र कुठेही नव्हते.

२/
या प्रकरणाचे दोन सोयीस्कर अर्थ चार दशके लावले जात आहेत. पहिला असा की, गल्ला जमला आणि समीक्षक खूश झाले, म्हणजे निर्मात्यांचा निर्णय योग्य होता. दुसरा असा की, लेस्टर नावाच्या उपऱ्याने डोनर यांची कलाकृती नासवली. दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. दोहोंच्या आड खरा प्रश्न दडून राहतो: घडवलेल्या कामावर अधिकार कोणाचा?

३/
आधी निर्मात्यांची ओळख. अलेक्झांडर साल्काइंड, त्यांचे पुत्र इल्या आणि सहकारी पिएर स्पेंग्लर. याच मंडळींनी १९७३ मध्ये ‘द थ्री मस्केटिअर्स’ काढला. नट एका चित्रपटाचे काम समजून राबले. निर्मात्यांनी त्याच चित्रीकरणातून दुसरा चित्रपटही काढला. प्रकरण न्यायालयात गेले. पुढे अमेरिकी नटांच्या संघटनेने करारांत एक कलम घातले: किती चित्रपटांसाठी काम होते आहे, हे आधी सांगितलेच पाहिजे. त्या कलमाला आजही ‘साल्काइंड कलम’ म्हणतात. कायद्याला आपले नाव मिळावे, पण ते असे नव्हे!

४/
मस्केटिअर्सचे दिग्दर्शक होते रिचर्ड लेस्टर. हे नाव लक्षात ठेवावे.
‘सुपरमॅन’च्या वेळी दोन चित्रपट एकदम काढण्याचा बेत मात्र उघड होता. मारिओ पुझो यांनी कथा लिहिली, ‘द ओमेन’मुळे गाजलेले डोनर दिग्दर्शक झाले आणि मार्च १९७७ मध्ये इंग्लंडच्या पाइनवुड स्टुडिओत दोन्ही भागांचे चित्रीकरण एकत्र सुरू झाले.

५/
डोनर यांचा आग्रह एकाच तत्त्वाचा होता: सत्याभास. नायक निळ्या अंगरख्यात उडतो, हे हसण्यावारी नेण्याजोगे असले तरी सांगणाऱ्याने हसता कामा नये. हाती आलेली पटकथा थट्टेच्या अंगाने जात होती. ती त्यांनी टॉम मॅन्किएविझ यांच्याकडून नव्याने घडवून घेतली. क्रिस्टोफर रीव्ह हा तेव्हाचा अपरिचित नट एकाच देहात बावळट क्लार्क आणि धीरोदात्त सुपरमॅन उभे करू शकला, तो या गांभीर्याच्या बळावर.

६/
गांभीर्याला पैसा लागतो. पहिल्या भागाचा खर्च सुमारे ५.५ कोटी डॉलरवर गेला. निर्माते म्हणत, दिग्दर्शक उधळ्या आहे. डोनर म्हणत, खर्चाची मर्यादा आणि वेळापत्रक आपल्याला कधी दाखवलेच नाही. बोलाचाली बंद होण्याची वेळ आली, तेव्हा मध्यस्थ म्हणून लेस्टर यांना आणले गेले. मस्केटिअर्सच्या कामाचे त्यांचे पैसे साल्काइंडांकडे अडकलेले होते. थकलेले येणे वसूल व्हावे म्हणून देणेकऱ्याच्याच घरी पुन्हा कामाला जायचे, अशी ही मध्यस्थी!

७/
ऑक्टोबर १९७७ मध्ये ठरले की दुसरा भाग थांबवावा आणि आधी पहिला पुरा करावा. तोवर दुसऱ्या भागाचे सुमारे तीन-चतुर्थांश काम झाले होते. पृथ्वी उलटी फिरवून काळ मागे नेण्याचा शेवट मुळात दुसऱ्या भागाचा. तो पहिल्याला देण्यात आला. पहिला यशस्वी झाला तर दुसऱ्याचा शेवट नव्याने रचता येईल, असा हिशेब होता. म्हणजे दुसऱ्या भागाने आपले उत्तम धन पहिल्याला उसने दिले.

८/
डिसेंबर १९७८ मध्ये पहिला भाग आला. एकट्या अमेरिकेत त्याने १३.४ कोटी डॉलर मिळवले. उरलेले काम पुरे करायला डोनर परतणार, हे स्वाभाविक होते. त्यांनीही जिभेला आवर घातला नव्हता. स्पेंग्लर असतील तर आपण नसू, असे ते उघड बोलले होते. मार्च १९७९ मध्ये निर्मात्यांनी निवड केली. डोनर यांच्याच सांगण्यानुसार, आपली गरज उरली नसल्याचे त्यांना तारेने कळले.

९/
मग कात्री चालली. पहिली मार्लन ब्रँडो यांच्यावर. सुपरमॅनच्या पित्याच्या भूमिकेसाठी त्यांना ३७ लाख डॉलर आणि उत्पन्नात वाटा कबूल झाला होता. त्या वाट्यावरून त्यांनी निर्मात्यांना न्यायालयात खेचले. दुसऱ्या भागातील त्यांची दृश्ये चित्रित होऊन तयार होती. ती दाखवायची तर पुन्हा वाटा द्यावा लागणार. म्हणून पित्याला काढून मातेला, म्हणजे सुझॅना यॉर्क यांना, उभे केले गेले.

१०/
ही काटकसर कथेला कुठे लागली, ते पाहावे. मूळ रचनेत पुत्र प्रेमापायी आपली शक्ती सोडतो, पश्चात्तापाने परततो आणि पिता आपले उरलेसुरले अस्तित्व वेचून त्याला ती परत देतो. दोन्ही चित्रपटांचा कळसच तो. प्रदर्शित चित्रपटात क्लार्क उद्ध्वस्त महालात येतो, एक हिरवा स्फटिक उचलतो आणि पुढे थेट सुपरमॅन होऊनच दिसतो. शक्ती परत कशी आली, हे चित्रपट सांगत नाही. हिशेबवहीतून एक आकडा खोडला आणि कथेच्या मधोमध भगदाड पडले.

११/
दुसरा प्रसंग जीन हॅकमन यांचा. डोनर यांच्या हकालपट्टीनंतर त्यांनी लेस्टर यांच्या चित्रीकरणाला येण्याचे नाकारले. परिणामी लेक्स लूथरच्या काही चित्रणांत बदली माणूस उभा आहे, काही ठिकाणी नकलाकाराचा आवाज आहे. आणि जिथे हॅकमन खरोखर दिसतात, ते सारे चित्रण डोनर यांचे आहे.

१२/
बाकीचा चमूही पांगला. संकलक स्टुअर्ट बेअर्ड आणि संगीतकार जॉन विल्यम्स परतले नाहीत; विल्यम्स यांच्याच सुरावटींवर केन थॉर्न यांनी संगीत रचले. छायाचित्रणकार जेफ्री अन्सवर्थ पहिला भाग पडद्यावर येण्याआधीच वारले होते. कलादिग्दर्शक जॉन बॅरी १९७९ मध्ये गेले. मृत्यूवर कोणाचा इलाज नाही. पण जे हयात होते त्यांतील इतके जण परतले नाहीत, त्याचे उत्तर नशिबावर ढकलता येत नाही.

१३/
आता लेस्टर. त्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, म्हणूनच ते टाळावे. बीटल्सना घेऊन ‘अ हार्ड डेज नाइट’ करणारा हा कसबी दिग्दर्शक. अडचण व्यवस्थेत होती. दिग्दर्शक म्हणून एकट्याचे नाव लावायचे तर चित्रपटाचा पुरेसा मोठा भाग त्याने चित्रित केलेला असावा लागतो. तेव्हा जे आधीच तयार होते, त्याच्या जागी नवे चित्रित करणे आले. लोइस क्लार्कला ओळखते आणि खात्रीसाठी थेट कचेरीच्या खिडकीतून उडी घेते, ही डोनर यांची सुरुवात वगळली गेली. तिथे आयफेल टॉवरचा प्रसंग आला. डोनर उधळे म्हणून गेले, आणि त्यांचे नाव काढण्यासाठी झालेले काम पुन्हा करण्यात पैसा ओतला गेला. याला काटकसर म्हणायचे असेल तर उधळपट्टी कशाला म्हणावे?

१४/
दोन वृत्तींची शिवण चित्रपटात जागोजागी उसवते. डोनर यांची ओढ पुराणकथेच्या भव्यतेकडे, लेस्टर यांची विक्षिप्त विनोदाकडे. तीन खलपुरुषांच्या फुंकरीने शहर उडून जात असताना एक इसम दूरध्वनीवर बोलतच राहतो, कोणाचे आइस्क्रीम उडते. मरणाच्या दारात उभ्या शहराकडे बघून चित्रपटच डोळे मिचकावतो. रीव्ह यांची अंगकाठी आणि मार्गोट किडर यांचा चेहरा एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना बदलतो. मधली दोन वर्षे लपत नाहीत.

१५/
यावरचा नेहमीचा आक्षेप: प्रेक्षकांना तर आवडला! खरे आहे. अमेरिकेत १०.८ कोटी डॉलर मिळाले, समीक्षकांनी वाखाणले, कित्येकांना तो पहिल्यापेक्षाही सरस वाटला. लेस्टर यांचाही त्यात वाटा आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. पण लोकांना आवडले ते काय? रीव्ह. टेरेन्स स्टॅम्प यांचा थंडगार जनरल झॉड. हॅकमन यांची ऐट. हे जग, ही माणसे, हा सूर आधीच उभा होता. पेरणी एकाची, आणि खळ्यावर नाव दुसऱ्याचे.

१६/
उसन्या पुंजीवर घर किती दिवस चालते, याचेही उत्तर मिळाले. १९८३ चा ‘सुपरमॅन ३’ आरंभापासून लेस्टर यांचा होता. अमेरिकेतील कमाई सुमारे ६ कोटींवर आली. निर्मात्यांवर उघड टीका करणाऱ्या मार्गोट किडर यांची भूमिका त्यात काही मिनिटांपुरती उरली. ती शिक्षा होती, असे अनेकांनी म्हटले. निर्मात्यांनी ते नाकारले. पुढे हक्क कॅनन कंपनीकडे गेले आणि १९८७ चा चौथा भाग अमेरिकेत १.६ कोटींच्या आसपास आटोपला. चौथ्याचे पाप साल्काइंडांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण दिग्दर्शक हा पेचकसाने बदलता येणारा सुटा भाग आहे, हा धडा या मालिकेत प्रथम त्यांनीच दिला.

१७/
खरे तर हा धडा सुपरमॅनच्या जन्माइतका जुना. जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांनी हा नायक कल्पिला आणि १९३८ मध्ये त्याचे सारे हक्क १३० डॉलरना दिले. कंपनीने त्यावर अफाट संपत्ती उभारली. निर्माते म्हातारपणी हलाखीत राहिले. भव्य चित्रपटाची घोषणा झाल्यावर सीगल यांनी जाहीर आक्रोश केला, तेव्हा कुठे डिसेंबर १९७५ मध्ये दोघांना सालाना प्रत्येकी २०,००० डॉलर आणि नावाचे श्रेय मिळाले. ज्या चित्रपटमालिकेमुळे दोन नावे परत आली, तिच्याच दुसऱ्या भागातून तिसरे नाव गळाले.

१८/
डोनर यांच्या वाट्याला न्याय आला तो पंचवीस वर्षांनी. चाहत्यांनी मागणी लावून धरली. ‘सुपरमॅन रिटर्न्स’साठी ब्रँडो यांचे जुने चित्रण वापरण्याचा मार्ग मोकळा झाला. मायकल थॉ यांनी संकलन केले आणि २८ नोव्हेंबर २००६ रोजी डोनर यांच्या नावाने ‘सुपरमॅन २’ बाजारात आला. पिता-पुत्राची ती भेट अखेर लोकांनी पाहिली. तोवर पडद्यावरचे पिता-पुत्र दोघेही या जगात नव्हते: ब्रँडो जुलै २००४ मध्ये गेले, रीव्ह त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये.

१९/
भक्तांनी मात्र त्या आवृत्तीला अमृत ठरवू नये. डोनर यांना जे चित्रित करू दिले नाही, ते २००६ मध्ये कुठून येणार? लोइस क्लार्कवर पिस्तूल रोखते, हा मोक्याचा प्रसंग रीव्ह आणि किडर यांच्या निवड-चाचणीच्या फितींतून जोडला आहे. काही दृश्ये लेस्टर यांचीच ठेवावी लागली. शेवटी पृथ्वी पुन्हा उलटी फिरते, कारण नवा शेवट रचायची संधीच मिळाली नव्हती. ही आवृत्ती म्हणजे पूर्ण झालेला चित्रपट नव्हे. काय हिरावले गेले, याचा तो पंचनामा आहे.

२०/
आणि पंचनामाही विकला जातो! आधी कलावंताला बाजूला सारायचे, मग काही वर्षांनी त्याच्याच नावाचा शिक्का मारून तोच माल दुसऱ्यांदा विकायचा. २०२१ मध्ये ‘जस्टिस लीग’ची झॅक स्नायडर आवृत्ती आली, तेव्हा चाहत्यांनी विजय साजरा केला. विजय त्यांचा होताच. पण पैसे मोजणारेही तेच होते.

२१/
म्हणून ‘सुपरमॅन २’विषयी ‘कोणती आवृत्ती चांगली?’ हा वाद लहान आहे. कोणाला आयफेल टॉवर आवडो, कोणाला खिडकीतील उडी. मोठा मुद्दा एवढाच: गल्ला हा न्यायनिवाडा नसतो. तिकीट काढणाऱ्याने चित्रपटावर पसंतीची मोहोर उठवली होती. पडद्यामागे कोणाचे नाव कसे खोडले गेले, यावर त्याचे मत कोणी विचारलेच नव्हते.

२२/
रिचर्ड डोनर ५ जुलै २०२१ रोजी निवर्तले. १९८१ ची मूळ प्रत आजही दाखवली जाते आणि तिच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक एकच आहे. माणूस उडू शकतो, यावर साऱ्या जगाचा विश्वास बसवणाऱ्याला आपले नाव मात्र त्या पाटीवर टिकवता आले नाही.