चौकशीला बोलावले तर

अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्या घरांतून आम्हाला विचारले जाते : सरकारी चौकशीत गप्प राहता येते का?

संविधानाचे कलम २०(३) आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून वाचवते. पण तो ‘आरोपी’ हवा. राजा नारायणलाल बन्सीलाल यांचे अपील मुंबईहून सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६० साली निकाल लागला : कंपनी कायद्याखालील निरीक्षकाची चौकशी म्हणजे आरोप नव्हे, तिथे हे संरक्षण नाही.

पोलिसांसमोर मात्र गुन्ह्यात अडकवणारे उत्तर नाकारता येते. तिथल्या जबाबावर सहीही द्यायची नसते.

म्हणून नोटीस आली की आधी कायदा कोणता ते पाहा, वकिलाला दाखवा. मौन हा हक्क असू शकतो. खोटे बोलणे कधीच नाही.