भांडे घेताना उचलून पाहा

लग्नसराई आली की भांड्यांच्या दुकानांत गर्दी होते. चकाकी पाहून वस्तू घरात येते. परंतु चकाकी चार दिवसांची, आणि भांडे मात्र रोज दोन वेळा हाताळायचे असते. तेव्हा भगिनींनो आणि बंधूंनो, या वेळी थोडे भांड्यांविषयी.

प्रथम बूड पाहावे. स्टीलमधून उष्णता सावकाश पसरते. म्हणून पातळ टोपात डाळ एकाच जागी करपते आणि घासण्याचे काम वाढते. जाड बुडाचा टोप महाग वाटतो, पण हिशेब करा. समजा, ३०० रुपयांचा टोप २ वर्षांत गेला आणि ९०० रुपयांचा १२ वर्षे टिकला. पहिल्याचा खर्च वर्षाला १५० रुपये, दुसऱ्याचा ७५! स्वस्त कोणता, ते आता तुम्हीच ठरवा.

जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे भांडे हलके व परवडणारे. मात्र त्यात चिंच, आमसूल, टोमॅटो घातलेले कालवण ठेवू नये. आंबटाने धातू अन्नात उतरतो. पितळेच्या भांड्याला कल्हई हवीच. नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नये, तारेच्या घासणीने घासू नये.

लोखंडी कढईला आम्ही अधिक मान देतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. लोखंडी कढईतल्या भाजीत थोडे लोह उतरते. अर्थात, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यामुळे बंद करू नयेत. भाजी शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावी आणि कढई पुसून तेलाचा हात फिरवावा, म्हणजे गंजत नाही.

कुकरवर आय.एस.आय. खूण पाहूनच घ्यावा. १ फेब्रुवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. ५ लिटर पाणी म्हणजे ५ किलो वजन, भांड्याचे वेगळे. कान सैल असेल तर उकळती डाळ पायावर येते. अशी भाजलेली माणसे आमच्या वस्तीत आम्ही पाहिली आहेत. म्हणून दुकानातच टोप उचलून पाहावा. कान हलतो काय? बोटे टोपाच्या अंगाला टेकतात काय? मनगटाला पेलतो काय?

पैसा कोणाचाही असो, पसंती उचलणाऱ्या हाताची असावी. आणि बंधूंनो, आठवड्यातून दोन दिवस चुलीवरचा टोप तुम्हीही उतरवा. कान घट्ट का हवा, हे मग कोणी सांगावे लागणार नाही.