सोपं आहे हो!

"सोपं आहे हो काका, मॅन्युअल वाचा!" असं म्हणणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला महिनाभर पेन्शनच्या खिडकीवर बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

टँकरवाला अर्धी टाकी भरून पुरे पैसे नेतो, असा सोसायटीला संशय. म्हणून पातळी टिपणारं यंत्र मी हौसेनं जुळवलं. नोंदी मेमरी कार्डावर ठेवायला 'फॅटएफएस' हा फुकटचा फाइल सिस्टिमचा कोड घेतला. तो स्वतः कार्डाला शिवत नाही. सेक्टर वाचणारं, लिहिणारं फंक्शन आपण द्यायचं. लेजर त्याचं, शिपाई आपला! माझा शिपाई जुन्या २ जीबी कार्डावर मुकाट चालला. नव्या ८ जीबीवर मात्र 'एरर १३', म्हणजे फाइल सिस्टिमच सापडत नाही!

तिघा तज्ज्ञांना विचारलं. एक म्हणाला, मॅन्युअल. दुसरा, "हे करताच कशाला?" तिसरा, "चिप बदला." कार्ड कोणतं, हे एकानंही विचारलं नाही!

विचारलं ते गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं. "जुन्यावर चालतं ना? मग दोन कार्डांत फरक काय, तेवढं बघा."

बघितलं. जुनं कार्ड पत्ता बाइटमध्ये मागतं, नवं ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये. मी दोन्हीकडे ५१२नं गुणत होतो. रुपयांच्या रकान्यात पैसे! शून्याला कशानंही गुणा, शून्यच. म्हणून पहिला सेक्टर बरोबर यायचा. पुढचा हवा होता ८१९२वा, आणि माझा शिपाई ४१,९४,३०४व्यावर हुडकत होता.

आम्ही खिडकीवर "आजोबा, आधी पासबुक दाखवा" म्हणतो. त्याला कुठली डिग्री लागते हो?

टँकर उद्या सकाळी सातला येतोय.