गोटमारीच्या आदल्या दिवशी

श्रावण अमावास्येच्या पोळ्यानंतर दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून वाहणाऱ्या जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधला जातो आणि तो हस्तगत करण्यासाठी दोन्ही काठांवरून दगडगोट्यांचा वर्षाव होतो. हीच ती गोटमार, जिच्यामुळे पांढुर्ण्याचे नाव दरवर्षी वृत्तपत्रांत झळकते. तिच्यामागे चंडीमातेवरील श्रद्धा आहे, दोन गावांतील प्रेमी युगुलाची लोककथा आहे आणि गावकीची जुनी ईर्ष्याही आहे. तरीही ज्यात माणसे जायबंदी होतात, प्रसंगी जिवानिशी जातात, त्याला क्रीडापरंपरा म्हणून गौरवणे या अंकाला मान्य नाही. दगडांऐवजी रबरी चेंडू देण्याचा प्रशासनाचा प्रयत्न फसला, त्यामुळे बदलाचा आग्रह आता दोन्ही काठांवरील घराघरांतूनच धरला गेला पाहिजे.

या मुलखाची खरी चुरस आदल्या दिवशी, म्हणजे पोळ्यालाच, रंगते. पोळ्याच्या पूर्वसंध्येला खांदशेकणी होते, म्हणजे वर्षभर जू वाहिलेल्या बैलांच्या खांद्यांना पळसाच्या पानाने तूप-हळद लावली जाते. दुसऱ्या दिवशी झुली पांघरलेल्या जोड्या तोरणाखाली उभ्या राहिल्या की झडत्या सुरू होतात. झडती म्हणजे चढ्या आवाजात म्हटले जाणारे यमकबद्ध लोककाव्य, ज्यात महादेवाच्या स्तुतीबरोबर नापिकी, सावकार आणि पुढारी यांचाही समाचार घेतला जातो. एकाने झडती टाकली की दुसरा तिला तोडीस तोड उत्तर शोधतो, आणि प्रत्येक झडतीवर ‘हर हर महादेव’चा गजर होतो. अंगणातला खेळ आणि साहित्य यांची इतकी घट्ट गाठ क्वचितच पडते.

झडत्यांचा हा मराठी मुलूख राज्यसीमेपलीकडे पडला तो असा: नागपूर ज्याची राजधानी होती ते जुने मध्य प्रदेश राज्य 1956 साली मोडले, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि सौसर व पांढुर्णा ज्यात होते तो छिंदवाडा जिल्हा मात्र नव्या मध्य प्रदेशात राहिला. परिणामी सौसर-पांढुर्ण्याची सोयरीक आणि संत्र्याची बाजारपेठ नागपूरकडे, तर कचेरी आणि बहुतेकांची शाळा हिंदीत, अशी विभागणी झाली. 2023 साली या दोन तहसिलींचा स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला, ही आनंदाची गोष्ट. परंतु जिल्ह्याची ओळख शासकीय आदेशाने पुरी होत नाही. घरची मराठी मुलांच्या डोळ्यांखालून छापील रूपात फारशी जात नसेल, तर ती तोंडी परंपरेवरच तगणार, आणि झडत्या पाठ असलेली पिढी आता उताराला लागली आहे. म्हणून वाचकांना विनंती एवढीच की, आपल्या गावातील जाणत्यांकडून झडत्या ऐकाव्यात आणि गावाच्या नावासह, प्रमाणभाषेचा हात न फिरवता, त्यांच्याच बोलीत उतरवून ठेवाव्यात.